वेगळं भांडं

त्या वर्षी मला सेवा सोडायची होती, आणि सोडताना त्याचा दोष कुणाच्या तरी माथी मारायचा होता. स्वतःच्या माथी मारून घेण्याइतकी अक्कल तेव्हा नव्हती. वय पस्तिशीच्या पुढं, स्वभाव मूळचा चिडका. ख्रिस्ती मंडळीचा पाळक म्हणून अकरा वर्षं झालेली, आणि त्यातली शेवटची तीन इस्लामपूर-सांगली रस्त्यापासून दोन मैल आत असलेल्या कुष्ठरोग्यांच्या एका वसाहतीत गेलेली. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती.

बायको साताऱ्यात शिक्षिका होती. मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी साताऱ्याला जायचो आणि बुधवारी दुपारी परत वसाहतीत. आमचा संसार एसटीच्या वेळापत्रकावर चालायचा, आणि एसटीच्या वेळापत्रकावर कुणाचं काय धड चालतं! अशात मेव्हण्यानं पाचगणीच्या एका निवासी शाळेत माझ्यासाठी शब्द टाकला. वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून जागा, राहायला क्वार्टर, बायकोलाही तिथंच प्राथमिकला नोकरी. मार्चअखेर होकार कळवायचा आणि जूनमध्ये हजर व्हायचं. मी जाऊन सगळं बघून आलो. जेवणघरात पांढऱ्या कपांच्या रांगा होत्या आणि थंडीमुळं मुलं खिशात हात घालून उभी होती. एखाद्यानं खिशातून हात काढले की मी त्याची बोटं बघत राहायचो. दहाच्या दहा. परतीच्या गाडीत मला रडू आलं, आणि ते सुटकेच्या आनंदाचं होतं हे आज कबूल करतो.

वसाहत म्हणजे समोरासमोर दोन लांब चाळी, एक लहान वॉर्ड, ड्रेसिंगची खोली आणि कौलारू देऊळ, म्हणजे आमचं चर्च. माणसं चाळीसेक. सगळ्यांचा रोग कधीच गेला होता. नव्या गोळ्यांनी आता माणूस वर्ष-दोन वर्षांत बरा व्हायचा, त्यामुळं नवे रोगी आपापल्या गावात राहूनच औषध घ्यायचे. इथं उरले होते ते गोळ्या येण्याआधीचे. रोग जाताना त्यांची बोटं घेऊन गेला होता, कुणाचं नाक, कुणाच्या पापण्यांची उघडझाप. डॉक्टरांच्या कागदावर ते बरे होते आणि घरच्यांच्या लेखी मेलेले होते. हातापायांना काही कळायचं नाही. चुलीवरचं पातेलं उघड्या हातानं उचललं जायचं, आणि कातडी जळाल्याचा वास आल्यावर शेजारीण ओरडायची. पायाला खडा रुतला तर तो दोन दिवसांनी ड्रेसिंगच्या खोलीत सापडायचा. त्या खोलीचा वास माझ्या शर्टाला बसला होता. साताऱ्याला जाताना मी दुसरा शर्ट घालायचो, तरी तो माझ्या नाकातून जायचा नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी एक दफन असायचं. घरच्यांना पत्र टाकायचं काम माझं. बहुतेक वेळा उत्तर यायचं नाही. एकदा एका म्हाताऱ्याचा मुलगा आला. उसाचा चांगला मळा असलेला, नवी मोटारसायकल. फाटकाबाहेर गाडी चालूच ठेवून त्यानं विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, झालं, कबर दाखवू का? "नगं. मग निगतो." गाडी वळवताना फाटक आड आलं, ते त्यानं हात न लावता चाकानं ढकललं. मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पाळकानं घालू नयेत अशा.

आणि या सगळ्यात मी दर रविवारी उभा राहून आशेचा उपदेश करायचा! पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहानं प्रभूनं बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांवर बोललो. उपासना संपल्यावर फाटकावर बसणारा म्हातारा मला आडवा आला. दोन्ही हातांना एकही बोट नसलेला हा माणूस एके काळी साखर कारखान्यावर बैलगाडीनं ऊस घालायचा. आता वसाहतीत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी काय शिजलं, याची पक्की खबर त्याच्याकडं असायची. तो म्हणाला, "आवं पाळकसाहेब, तुमच्या आदीचं तिघं बी आल्या आल्या त्याच दहा जनांवर बोललं. दुसऱ्या कुनाचं काय लिवलंच न्हाई का त्यात?" मी हसलो. पण त्यानंतर कशावर बोलावं हे मला खरंच सुचेना. बऱ्या झालेल्यांची गोष्ट नको, मग काय, न झालेल्यांची? तिसऱ्या वर्षापर्यंत माझे उपदेश दहा मिनिटांवर आले होते, आणि ती दहा मिनिटंही मला लांब वाटायची.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, प्रभू येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. वसाहतीत त्याची एक जुनी रीत होती, माझ्या कितीतरी आधीपासूनची. इतर देवळांत लोक पुढं येतात आणि पाळक त्यांना भाकर आणि प्याला देतो. इथं लोक जमिनीवर ओळींनी बसायचे आणि प्याला हातोहात फिरायचा. पितळेचा, आतून कल्हई केलेला, चांगला मोठा प्याला. त्याला दोन बाजूंना दोन कान होते, मनगट आत जाईल एवढे मोठे. कुणीतरी सांगलीच्या भांडी करणाऱ्याकडून मुद्दाम करून घेतलेला. बोटं नसलेला माणूस मनगटं अडकवून किंवा दोन तळव्यांत धरून तो उचलायचा, प्यायचा, काठ फडक्यानं पुसायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. शेजारी आंधळा असला तर त्याच्या ओठाला लावायचा. देताना म्हणायचं, "घे, तुझ्यासाठी." सगळ्या ओळी फिरून प्याला शेवटी टेबलाशी उभ्या असलेल्या पाळकाकडं यायचा आणि उरलेलं पाळकानं प्यायचं. चाळीस माणसांना अर्धा तास लागायचा. मला तो अर्धा तास संपता संपत नसे.

त्यातला द्राक्षरस एक म्हातारी करायची. तिला सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायचो. त्याच्या आधीच्या शुक्रवारी तासगावचे काळे बेदाणे भिजत घालायची, शनिवारी उकळून, कुस्करून, धडप्यातून गाळून बाटली भरायची. तिच्या उजव्या हाताला दीड बोट होतं आणि डाव्याला अंगठा. त्यावर ती सगळं काम करायची आणि कुणी मदतीला आलं की हाकलायची. बाटली माझ्या ओट्यावर ठेवून जाताना दर वेळी बजावायची, "आंबट झालाय का बगा हां. झाला आसंल तर माजा दोष न्हाई, बेदान्याचा."

त्या ऑक्टोबरात पुण्याच्या एका देवळात प्रभुभोजनासाठी नवे पेले घेतले आणि जुने आम्हाला दिले. औषधाच्या मापाएवढे काचेचे छोटे ग्लास, चाळीस, आणि ते ठेवायला भोकं असलेला ॲल्युमिनियमचा ट्रे. मी तो ट्रे मांडीवर घेऊन पुण्याहून एसटीनं आलो आणि वाटेत एकही ग्लास फुटू दिला नाही. फार खूश होतो मी. काम सुटसुटीत होणार, वेळ वाचणार. कुणाच्या हातून प्याला सांडायचा आणि मग ती व्यक्ती शरमेनं दिवसभर तोंड लपवायची, तेही टळणार. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी स्वतः ट्रे घेऊन ओळीओळीनं फिरलो. ज्यांना बोटं होती त्यांनी ग्लास उचलले. ज्यांना नव्हती त्यांच्या ओठांना मी लावला, आई लेकराला औषध पाजते तसा. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, आवडलं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी निम्मेच लोक आले. थंडी आहे, म्हटलं. जानेवारीत त्याच्याही निम्मे. फाटकावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "सांदं धरल्यात समद्यांचं." बाकीच्या रविवारी मात्र देऊळ भरायचं, सांधे तेव्हा कुणाचेच धरायचे नाहीत. मी हे बघत होतो आणि मला काही समजत नव्हतं. माणूस एकदा मनानं निघून गेला की त्याला समोरचं दिसत असून दिसत नाही. फेब्रुवारीत प्रभुभोजनाला सात जण होते. मावशीसुद्धा नव्हती. रसाची बाटली तेवढी शनिवारी ओट्यावर आली होती, नेहमीसारखी.

पुढच्या रविवारी मी त्यांना उपदेशातून झाडलं. तुमची भक्ती थंड पडली आहे, म्हटलं. प्रभूच्या मेजाकडं पाठ फिरवणाऱ्यांना मी काय शिकवणार, म्हटलं. आवाज चढला होता. समोर चाळीस माणसं मान खाली घालून बसली होती आणि एकानंही तोंड उघडलं नाही. मला तेच हवं होतं. खोलीवर आलो आणि पाचगणीला होकाराचं पत्र लिहून टाकलं. त्यात लिहिलं, की सध्याच्या ठिकाणी माझ्या सेवेचा उपयोग होत नाही असं दिसून आलं आहे. पत्र सोमवारी साताऱ्यात पेटीत टाकायचं म्हणून पिशवीत ठेवलं.

सोमवारी सकाळी मी निघायच्या बेतात असताना वॉर्डातली नर्स बोलवायला आली. मावशीची मूत्रपिंडं गेली होती. या रोगात पुष्कळांचं शेवटी तसं होतं. आठवडाभर तिच्या अंगावर सूज होती हे मला माहीत होतं, पण मी रागात होतो, तिच्याकडं फिरकलो नव्हतो. डॉक्टर दोन-तीन दिवस म्हणत होते. तिनं प्रभुभोजन मागितलं होतं.

तिच्याच बाटलीतला उरलेला रस एका ग्लासात ओतला, भाकरीचा तुकडा घेतला आणि वॉर्डात गेलो. खिडकीखालच्या खाटेवर ती होती. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. मी प्रार्थना केली, भाकर दिली, ती तिनं घेतली. मग ग्लास ओठांजवळ नेला, तर तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"मावशी, घ्या."

"त्यात नगं."

"कशात?"

"त्या येगळ्या भांड्यात."

मी म्हटलं, अहो, उकळत्या पाण्यातून काढलाय, स्वच्छ आहे. माझ्या आवाजात वैताग होता. मरणाऱ्या बाईवर मी वैतागलो होतो, कारण माझी एसटी चुकत होती.  ती भिंतीकडं तोंड ठेवूनच बोलायला लागली. धाप लागत होती, मधे मधे थांबायची.

"मालक फौजंत हुतं. सुट्टीवर आलं नि माज्या पाटीवरचा चट्टा त्येंनी बगितला. बोललं न्हाईत काय. दुसऱ्या दिशी सासूनं जर्मनची थाळी नि तांब्या काडला, गोठ्यात खुट्टीला अडकीवला. तुजं हे, म्हनली. कुनी मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. खोटं कशाला बोलू? चौदा म्हैनं त्या तांब्यातनं पानी प्याले. ल्योक दोन वरसाचा हुता. त्येनं एकदा खेळता खेळता तांब्याला त्वांड लावलं, तर सासूनं त्येच्या तोंडात राक घालून घासलं. रगत आलं. त्याच दिशी मी निगाले."

तिनं दम खाल्ला.

"हितं आले. पैल्याच रैवारी त्यो दोन कानाचा प्याला माज्या हातात आला. मी प्याले नि पलीकडच्या बाईला दिला, तर ती बी प्याली. माज्यामागनं. मला वाटलं चुकून प्याली. मी म्हनलं, आगं, नीट पुसून तरी घे. ती हासली. त्येच्यासाटी मी किरिस्ताव झाले, पाळकसाहेब. कुनाच्या भाशनानं न्हाई."

माझ्या हातात तो ग्लास होता आणि तो कुठं ठेवावा हे मला कळेना. माझं घराणं गावकुसाबाहेरचं. आजोबांच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात त्यांच्यासारख्यांची कपबशी वेगळी असायची, बाहेर कुडाला टांगलेली. चहा पिऊन आपली आपण विसळून परत टांगायची. आजोबा हे सांगताना थुंकायचे. शहरात पुढं कुणी त्यांना स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं, तरी पेला उलटा करून तळ बघायचे, खूण आहे का म्हणून. हे सगळं ऐकत मी मोठा झालो होतो. आणि मीच पुण्याहून चाळीस वेगळी भांडी मांडीवर सांभाळत आणली होती, एकही फुटू न देता.

याहून वाईट एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जुना प्याला असताना तीन वर्षांत मी त्यातून एकदाही प्यायलो नव्हतो. शेवटी तो माझ्याकडं यायचा, तेव्हा मी तोंडाला लावायचो, ओठ घट्ट मिटलेले ठेवायचो, डोळे मिटून मान मागं न्यायचो आणि नंतर उरलेला रस देवळामागं तुळशीच्या वाफ्यात ओतून यायचो. हा रोग असा पसरत नाही, इथं तर रोग कुणालाच नाही, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. मी ते इतरांना समजावायचो. पाहुणे आले की त्यांच्यापुढं छोटं भाषण द्यायचो. आणि प्याला हातात आला की चाळीस तोंडं डोळ्यांपुढं यायची. ग्लास मी लोकांच्या सोयीसाठी आणले, असं मी स्वतःलाही पटवलं होतं. ते मी माझ्यासाठी आणले होते. ट्रेमध्ये माझा ग्लास पहिल्या भोकात असायचा.

देवळाच्या कपाटात तो प्याला वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. कल्हई काळी पडली होती. मी तो चिंचेनं घासला आणि धुतला. वॉर्डात परत गेलो तेव्हा मावशीचा डोळा लागला होता. उठवलं. प्याल्यात तळाशी थोडासाच रस होता. पाठीला हात देऊन तिला बसवलं. तिनं दोन्ही तळवे प्याल्याला लावले, एक घोट घेतला, ठसका लागला. ओठांवरून रस गळला, तो परत प्याल्यात पडला. ते मला स्पष्ट दिसलं. मग तिनं प्याला माझ्यापुढं केला. हातात जोर नव्हता, प्याला हलत होता.

"घ्या," म्हणाली, "तुमच्यासाटी."

मी प्यायलो. त्या वेळी माझ्या मनात काही पवित्र वगैरे आलं नाही. शरम होती आणि किळस होती, दोन्ही एकदम. ती आडवी झाली तसा मी बाहेर आलो आणि व्हरांड्याच्या टोकाला नळ होता तिथं जाऊन उभा राहिलो. ओंजळीत पाणी घेतलं चूळ भरायला. मग ते तसंच सोडून दिलं. पुढचे पंधरा दिवस अंघोळीच्या वेळी मी अंगावर चट्टा शोधत होतो, हेही लिहून टाकतो.

मावशी बुधवारी दुपारी गेली. मुलाचा पत्ता तिच्या ट्रंकेत एका चिठ्ठीवर होता. तार केली, गुरुवारी संध्याकाळपर्यंत वाट बघितली आणि मग पुरलं. ज्यांच्या हातांत फावडं टिकत होतं असे आम्ही चार जण होतो, खड्डा उथळ झाला. महिन्यानं एक पोस्टकार्ड आलं, कुणी लिहिलं ते नाव नव्हतं. घरात लग्न ठरत आहे, या पत्त्यावर पुन्हा पत्र पाठवू नये, एवढंच. ते मी फाडलं आणि नंतर वाटलं, फाडायला नको होतं, तिच्या माणसांचं तेवढंच काहीतरी आलं होतं.

पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी साताऱ्याला गेलो. पत्र पिशवीतच होतं. बायको वह्या तपासत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, तुळशीच्या वाफ्यासकट. लाल पेन हातात तसंच धरून ती ऐकत राहिली. पाचगणी तिलाही हवी होती, माझ्याहून जास्त हवी होती, कारण दोन मुलांचं आजारपण, अभ्यास, भांडणं हे सगळं ती एकटी ओढत होती. माझं सांगून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नुसती भांडी वाजत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"राहायचं तर नीट राहा," ती म्हणाली. "अर्धे तिकडं आणि अर्धे इकडं, असे मला नकोत. आणि माझ्या भावाला तुम्हीच कळवा, मी त्याच्या तोंडाला तोंड देणार नाही."

मेव्हणा पुढं दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मुलीनं तर अजूनही पुरती माफी दिलेली नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

त्या रविवारी मी उपदेश केला नाही. उभा राहिलो आणि सांगितलं, की ग्लास आजपासून बंद. ते मी आणले, कारण मला भीती वाटत होती. मागच्या रविवारी तुम्हाला थंड म्हणालो, ते शब्द परत घेतो.  वाटलं होतं कुणीतरी रडेल, नाहीतर निदान चिडेल. कुणीतरी खोकलं. मग नेहमीच्या बाईनं नेहमीचं गाणं उचललं आणि उपासना पुढं चालू झाली. प्याल्यातून न पिण्याबद्दल मात्र मी बोललो नाही. तेवढं धैर्य झालं नाही.

मार्चचा पहिला रविवार आला. रस मी केला होता, शनिवारी, मावशीच्या धडप्यातून गाळून. तो आंबट झाला होता आणि दोष बेदाण्याचा नव्हता. सगळे आले असं लिहायला मला आवडलं असतं. तिघं आले नाहीत. त्यातले दोघं पुढं कधीच आले नाहीत, आणि मी त्यांच्या दारात गेलो की नुसते सलाम म्हणायचे. बाकीचे आले. मी टेबलाशी उभा राहिलो नाही, शेवटच्या ओळीत फाटकावरच्या म्हाताऱ्याशेजारी मांडी घालून बसलो. प्याला निघाला. पूर्वीचाच अर्धा तास, तेवढंच खोकणं, एकदा थोडं सांडलं. म्हाताऱ्यानं मनगटं कानांत अडकवून प्याला उचलला, प्यायला, आणि माझ्याकडं दिला. मी आत बघितलं नाही, प्यायलो, तळाशी होतं तेवढं सगळं.

बाहेर पायऱ्यांवर सगळ्यांच्या चपला असायच्या, मऊ रबराच्या, पट्ट्यांच्या. बोटं नसलेल्यांचे पट्टे दुसऱ्या कुणीतरी बांधायचे. त्या दिवशी म्हातारा पायरीवर बसून राहिला होता आणि जवळ कोणी नव्हतं, म्हणून मी खाली बसलो आणि त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. पट्टा अडकवत होतो तेवढ्यात वरून आवाज आला.

"आज घाटी हालली तुमची."

"कसली घाटी?"

"नरड्याची. तीन वरसं बगतुया न्हवं मी. प्याला लावायचा, डोळं मिटायचं, मान मागं टाकायची, पर घाटी जागची हालायची न्हाई. समद्यांस्नी ठावं हुतं."

माझे कान तापले. मान वर करायची हिंमत होईना. शेवटी म्हणालो, "मग बोलला का नाहीत कुणी?"

"काय बोलायचं?" तो म्हणाला. "मला सोताला माजंच हात बगून वरीसभर जेवान गेलं न्हाई. तुमी तर परकं मानूस. म्हनलं, लागंल येळ. मावशी दर म्हैन्याला त्यो रस काडताना तुमच्यासाटी मागनं करायची. देवा, पाळकाला एक घोट जाऊ दे, म्हनायची. आमी हासायचो तिला. ती ग्लासं आली तवा मातुर रडली."

ज्या तीन वर्षांत माझी प्रार्थना आटत गेली होती, त्या तीन वर्षांत दर महिन्याला एक बाई दीड बोटानं बेदाणे कुस्करत माझ्यासाठी देवाकडं एक घोट मागत होती. मी यांना सांभाळतोय आणि हे माझ्या हाताला लागत नाहीत, म्हणून मी चिडलो होतो. यांनी मला तीन वर्षं सांभाळलं, तोंडातून एक शब्द न काढता, आणि मी त्यांना भर देवळात थंड म्हणालो होतो. त्या पायरीवर मी रडलो, आणि आतून काहीतरी मोकळं झालं ते पुन्हा तसं बंद झालं नाही. त्यानंतर मी तिथं सात वर्षं राहिलो.

म्हाताऱ्यानं थोडा वेळ मला रडू दिलं. मग पाय पुढं केला.

"बास झालं. ह्यो डावा बी बांदा. उन चडाय लागलंय."

मी डावा पाय मांडीवर घेतला आणि पट्टा बांधला.